उन्हाचा हप्ता

बँकेतल्या पोरानं माझी फाईल उघडली
आणि एसीच्या गारव्यात विचारलं,
"जुलै ते फेब्रुवारी काय करता?"
मी म्हटलं, वाट पाहतो.
हे उत्तर त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

मी कूलरवाला. नीळकंठ पराते, तांडापेठ.
मोटर, पंप, ताट्या, गंजलेल्या टाकीला डांबर.
होळी झाली की फोन वाजायला लागतो,
मृग लागला की मुका होतो.
चार महिने मी कमावता,
आठ महिने नुसता ओळखीचा.

"प्लॉट घेऊन टाक बे," रोशन डहाट म्हणे
तर्रीत पोहे बुडवत,
"जामठ्याच्या पुढं. मिहान आलं का सोनं."
मिहान माझ्या लग्नाच्या आधीपासून येऊन राहिलं.
त्यानं दाखवलेल्या लेआउटला कमान होती,
कमानीवर कोण्या देवाचं नाव,
कमानीमागं तूर.
आरएल विचारलं तर म्हणे, प्रोसेसमध्ये आहे.
मी पोह्यांचे पैसे दिले.

नारी रोडच्या इंदुमती गजभिये
नझूल ऑफिसात तेहतीस वर्षं टायपिस्ट.
त्यांच्या कूलरचा पंप बदलताना
बँकेवरचा राग मी पंपावर काढत होतो.
त्यांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाल्या, "घर विकायचंय मला. पण जायचं नाही."
मला वाटलं, ऊन लागलं बाईला.

खाली दोन खोल्या, वर एक.
कागद पत्र्याच्या पेटीत, सालवार,
टॅक्सची एक पावती इकडची तिकडे नाही.
"मुलगी रायपूरला. तिला हे घर नको,
मला तिची खोली नको.
चार लाख आधी दे.
बाकीचे बँकेला दिले असतेस तसे मला दे, नऊ टक्क्यांनी.
वरची खोली कोणालाही लाव.
खालच्या मला भाड्यानं दे."

चार लाख.
भिशी मी बोली लावून उचलली, तोट्यात.
रंजूनं गोफ काढून दिला, इतवारीत तारण.
"पावती सांभाळ," म्हणाली. गोफाचं काही बोलली नाही.
बाबांचा माग भंगारात गेला
त्याचे अठरा हजार मी आजवर मोडले नव्हते.
मोडले.

"पण दर महिन्याला सारखा हप्ता नाही जमणार, बाई."
त्यांनी टाईपरायटरवर कागद चढवला.
एप्रिल ते जून, पस्तीस हजार.
इतर महिने, चार.
"एवढं ऊन पडतं या गावात," त्या टाईप करताकरता म्हणाल्या,
"कोणी तारण म्हणून धरलंच नाही."

तेव्हापासून पेपरात मी आधी तापमान बघतो.
मेयोत उष्माघाताच्या खाटा लागल्या
की मनात बेरीज सुरू होते.
आणि मग एखाद्या म्हाताऱ्याचा कूलर
मी फुकटात दुरुस्त करून येतो.
रंजूला सांगत नाही.

थंडीत एक तारखेला मी चार हजार नेतो.
बाई मोजतात, पावती देतात,
त्यातलेच अडीच मोजून मला परत करतात,
भाडं.
"सरळ दीडच घ्या ना."
"हिशेब वेगळे आहेत, नीळकंठ. लिही पावती."

यंदा मे महिन्यात गारा पडल्या.
तीन आठवडे आभाळ गोणपाटासारखं.
सगळं गाव म्हणे, काय मस्त हवा आहे!
मी सतरा हजार घेऊन गेलो
आणि चपला काढायलाच वेळ लावला.

बाईंनी दोनदा मोजले.
खटखट, खटखट.
पावती हातात दिली:
सतरा हजार मिळाले. अठरा हजार आभाळाकडे.

"आता बस. कूलर खडखडतोय चार दिवसांपासून.
बघ जरा, घरमालकाचं काम असतं ते."

मी पान्हा काढला.
सवयीनं मनात मजुरी धरली, दोनशे रुपये,
आणि कोणाकडे मागायचे
ते आठवेना.